पान पलटव, मागं बी हाय

नाही, नाही, ती नको ताई — त्या खुर्चीचा पाय डुगडुगतो. इकडं बसा, फळ्यासमोर. आणि ही काचेजवळची तेवढी माझ्यासाठी राहू द्या. सवय म्हणा. काय म्हणालात, बाकीचे कुठं गेले? चहाला गेले. म्हणजे चहाला जातो म्हणून गेले. सकाळच्या आणि दुपारच्या, दोन्ही रकान्यांत एकदम सह्या करून गेलेला माणूस चहावरून परत येतो का? येत नाही. मला कळतं ते. पहिल्या कार्यशाळेपासून कळतं. पण अडवू कसा? त्यांना पीएच.डी.च्या फायलीत लावायला प्रमाणपत्र पाहिजे, विद्यापीठाला सह्या पाहिजेत, आणि मला — मला काय पाहिजे ते जाऊ द्या. तुम्ही थांबलात. मुरूडच्या एसटीला वेळ असेल म्हणून थांबलात, का खरंच ऐकायला थांबलात? नका सांगू. एसटीचं कारण निघालं तर उगीच मन खट्टू होईल.

तर सुरू करू या. तुमचं नाव उजमा शेख, हो, कागदावर आहे. शाळेत शिकवता. चांगलं. मी डॉक्टर साहेबराव सोनकांबळे. इथं डॉक्टर म्हणायची चोरी आहे — खालचा रसवंतीवाला पहिल्याच दिवशी कंबर दाखवायला लागला. म्हटलं बाबा, मी हाडांचा नव्हे, पुस्तकांचा. तो म्हणाला, 'पुस्तकं बी आजारी पडतेत व्हय?' पडतात की. सगळंच पडतं. असो. मी नांदेडहून निवृत्त झालो, विद्यापीठाच्या ग्रंथालयातून. ही कार्यशाळाही त्यांचीच, फक्त भरते इथं लातूरला, या कॉलेजच्या ग्रंथालयात, दर शनिवारी. 'संशोधनासाठी ग्रंथालय कसे वापरावे.' त्यांना लातूरला नको होती. लातुरात संशोधक आहेत कुठं, म्हणाले, तिथं सगळे बारावीचे. मीच मागं लागलो, टिपणं पाठवली, ओळखीच्या माणसांना गाठलं. का मागं लागलो ते नका विचारू. नाही — विचारा. विचारायलाच तर शिकवतो मी इथं.

लाइट गेलेली आहे, त्याला माझा इलाज नाही. भारनियमन. प्रोजेक्टरचं बटण मी चालूच ठेवलंय, आली की लागेल. कॉम्प्युटरवरची सूचीही तेव्हाच दाखवतो. तोवर अंधार अंधार वाटेल तुम्हाला, पण या अंधाराचा एक फायदा आहे. इथून काचेतून खालचा वाचनकक्ष सगळा दिसतो — तिकडं मोठ्या खिडक्या आहेत, उजेड आहे — आणि खालून वर बघितलं तर ही काच नुसती काळी. आपण दिसत नाही. मी स्वतः खाली जाऊन, मान वर करून, तपासून आलोय. का? सहज. शिकलेल्या माणसाला काहीही तपासून बघायची खोड असते.

तर पहिली पायरी. संशोधनाची पहिली पायरी काय? पुस्तक? नाही. कॉम्प्युटर तर नव्हेच. प्रश्न. माणूस ग्रंथालयात येतो, एक मागतो आणि त्याला पाहिजे असतं दुसरंच. आमच्या शास्त्रात त्याला नाव आहे — संदर्भ-मुलाखत. माझा प्रबंधच त्यावर आहे, वाचकाला खरं काय हवं असतं ते कसं ओळखायचं. उदाहरण देतो. इस्लापूरकडचे एक गृहस्थ, धोतर, डोक्याला टॉवेल, नांदेडच्या ग्रंथालयात आले. म्हणाले, औसा तालुक्याचा नकाशा दाखवा. आमचा शिपाई हाकलूनच देणार होता. मी नकाशा पसरला. ते नुसतेच बघून राहिले. म्हटलं, मामा, काय शोधून राहिलात? 'पोरगी दिलीय हो तिकडं. लई दूर दिली म्हणून तिची माय रडून राहिली. किती लांब हाय तेवढं बघू द्या.' मग मराठवाड्याचा मोठा नकाशा काढला. त्यांनी इस्लापूरवर अंगठा ठेवला, करंगळी औशावर. वीतभर निघालं. खूश झाले. 'एवढंच हाय!' म्हणाले, आणि ती वीत तशीच हवेत धरून बाहेर गेले, बायकोला दाखवायला. अख्ख्या नोकरीत मी खरा उपयोगी पडलो असेन तर त्या दिवशी. असं मला वाटतं. कदाचित त्या दिवशीही नसेन.

हं? नाही, कुठं बघत नाही मी. सांगा तुम्ही, ऐकून राहिलो.

बरं, बघतो. तुम्हीही बघा, या इकडं. खाली दिसतात ती सगळी क्लासची पोरं. ग्रंथालय तुडुंब भरलेलं आणि कपाटातलं एकही पुस्तक जागचं हललेलं नाही — असं दुसरीकडं कुठं बघायला मिळणार नाही तुम्हाला. यांना पुस्तक नको असतं, टेबल पाहिजे असतं. सकाळी दार उघडायच्या आत बाहेर रांग लागते, आणि आत आली की रुमाल, पाण्याची बाटली, कंपासपेटी, जे हाताला येईल ते टाकून जागा धरतात. पंख्याखालच्या जागेवरून तर भांडणं. नांदेडची, परभणीची, बीडची, कुठकुठली पोरं. आणि एकटी नाहीत ती, प्रत्येकामागं घरचं एक माणूस आलंय लातूरला, खोली करून. कुणाची आई, कुणाची आजी. आमच्या गल्लीत संध्याकाळी बघाल तर सगळ्या उंबऱ्यांवर म्हातारी माणसं बसलेली, आत पोरगं पाठ करतंय आणि ही बाहेर खोकलासुद्धा दाबून बसलेली. मीही त्यातलाच. हाव. मीही नातीसाठीच आलोय. विशाखा तिचं नाव. मुलाची मुलगी. सून नोकरी करते, तिला रजा नाही, माझी बायको कधीच गेली, मग राहिलं कोण? मी. मला भात तेवढा जमतो. बाकी बिलकीसबाईंचा डबा आहे.

तो खांब दिसतो? त्याच्या बाजूचं टेबल. तिथली ट्यूब फडफडते म्हणून तिथं कुणी रुमाल टाकत नाही. ती पाठमोरी, निळी ओढणी. तीच.

तर प्रश्न. आपण प्रश्नावर होतो. तुमचा विषय काय आहे ताई? ... भूकंपानंतर वसवलेल्या गावांतल्या बायका. अच्छा. आणि ही प्रश्नावली. बघू. चष्मा — हा आहे, गळ्यातच आहे. 'कुटुंबातील मृत व्यक्तींची संख्या.' 'पूर्वीच्या घराचा प्रकार.' 'सध्याच्या घराबाबत समाधान — पूर्ण, अंशतः, नाही.' हं. पाठपोट आहे. हं.

नाही, चूक काही नाही. मार्गदर्शकांनी मान्य केली आहे ना, मग झालं. मी कोण सांगणारा? फक्त — एक सांगू का? भूकंप झाला तेव्हा मी औशाला होतो, तिथल्या कॉलेजच्या ग्रंथालयात. आमची रॅक आडवी झाली, पुस्तकांचा ढीग झाला, पण माणसं वाचली. गावाकडं मात्र — ते तुम्हाला सांगायला नको. नंतर महिनाभरानं सुरू झाली ती प्रश्नावल्यांची रांग. पुण्याचे, मुंबईचे, दिल्लीचे, एक तर जपानचा. सगळे चांगले लोक, कळवळ्यानं आलेले. त्यांना बरोबर कुणी तरी लागायचं, आणि मला थोडं कानडी येतं — आमच्या आजोळचं — म्हणून प्राचार्यांनी मला जोडून दिलं. कर्नाटक सीमेकडच्या एका गावात नागम्मा म्हणून एक बाई होती. म्हातारी. टिनाच्या शेडसमोर बसलेली असायची. पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती रडली. दुसऱ्यांदाही रडली. मग तिसरे आले, मग आणखी आले, सगळ्यांचे प्रश्न तेच, नुसती फिरवाफिरव. आणि पुढं पुढं काय झालं — आम्ही लांबून येताना दिसलो, हातात कागद दिसला, की तिचं सुरूच व्हायचं. कुणी तोंड उघडायच्या आत. 'मानसं चार गेली. गुरं दोन. घर मातीचं, वर माळवद. टिन मिळालं. पानी टँकरचं. झोप न्हाई.' असं, एका सुरात. आणि मध्ये थांबायची ताई. का? लिहिणाऱ्याचं पेन मागं पडलंय का बघायला. आणि पान भरलं की मला म्हणायची, 'पलटव तम्मा, मागं बी हाय.'

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. कानडीत.

त्या लोकांना बरं वाटायचं. माहिती भराभर मिळाली म्हणायचे. मी एकदा एकटाच गेलो तिच्याकडं. कागद नाही, पेन नाही, कुणी पाहुणा नाही. औशाच्या बाजारातून तिच्यासाठी चादर घेतली होती, ती द्यायला. मी ओट्याशी टेकलो, आणि ती सुरू झाली — 'मानसं चार गेली. गुरं दोन.' म्हटलं, अव्वा, मी विचारायला नाही आलो. तिनं लई वेळ माझ्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाली, 'मंग कशाला आलास?' मी चादर पुढं केली. 'बेडा,' म्हणाली. नको. 'बेडा तम्मा, बेडा.' ती घेईना, मी उठेना. तिला दुसरं काही बोलताच येईना हो. उत्तरं सोडून तिच्याजवळ बोलणंच उरलं नव्हतं. तेव्हापासून मला प्रश्न विचारायची भीती बसली. कुणालाही. आणि मी प्रश्न विचारायलाच शिकवतो. हसा की. हसण्यासारखंच आहे.

नाही, नाही, तुमची प्रश्नावली फाडू नका, तसं नव्हतं म्हणायचं मला! तुमचं मन दुखावलं का? मला बोलायचा पाचपोच नाही. तुम्ही त्याच भागातल्या, तुम्हाला बायका घरात घेतील, चहा देतील, तुमचं वेगळं आहे. एक दोन प्रश्न कमी करा फार तर. 'समाधान — अंशतः' हा काढा. बास.

ही — हा बीप ऐकू येतो ना, तो यूपीएस. दम तुटून राहिला त्याचा. दर शनिवारी असंच.

घड्याळ? घड्याळाकडं बघितलं खरं. नांदेडची गाडी बारापर्यंत येते, हो ना? नाही, मला कुठं जायचं नाही. येणार आहे एक जण. माझा मुलगा, धम्मानंद. पाणीपुरवठ्यात इंजिनिअर आहे. आधी क्लासला जाणार, मग इथं. काल फोन आला घरमालकाकडं — 'बाबा, उद्या येतो, आधी क्लासच्या सरांना भेटतो.' का भेटतो, ते बोलला नाही. मीही विचारलं नाही. बघा, एवढंसुद्धा विचारलं नाही.

ताई, तुम्ही शाळेत शिकवता. तुम्हाला पोरींचं कळत असेल. मी तुम्हाला एक — नाही, आपण दुसऱ्या पायरीकडं जाऊ. दुसरी पायरी, शब्द. समजा तुम्ही सूचीत 'भूकंप' टाकलंत आणि काही मिळालं नाही, तर शब्द बदलून बघायचा, 'पुनर्वसन' टाका, 'आपत्ती' टाका, 'घरबांधणी' टाका. एका शब्दाला अडून बसायचं नाही. मी स्वतः गेल्या महिन्यात तेच केलं. 'परीक्षा' टाकलं, 'ताण' टाकलं, 'किशोरवय' टाकलं, 'मौन' टाकलं. नांदेडला कळवून लेख मागवले. सगळे अमेरिकेतले. एकात शेवटी लिहिलं होतं — मुलांशी मोकळेपणाने बोलावे. कसं, ते लिहिलेलं नाही. तळटीप होती, मी ती तळटीपही शोधली. त्या दुसऱ्या लेखातही तेच वाक्य. मोकळेपणाने बोलावे.

बरं, सांगतोच. तुम्ही परक्या आहात, तुमची एसटी सुटली की विषय संपला. ती क्लासला जात नाही. विशाखा. दिवाळीच्या सुट्टीनंतर जातच नाही. क्लासच्या ऑफिसातून घरमालकाकडं निरोप आला, तुमची मुलगी आजारी आहे का? मी म्हटलं, हो. तोंडातून निघून गेलं. कारण ती रोज सकाळी वेणी घालून, दप्तर घेऊन, 'जाते आजोबा' म्हणून निघत होती. मग कुठं जाते? दुसऱ्या दिवशी मी मागं मागं गेलो. या वयात, भाजीच्या गाड्याआड लपत. तर ती इथं आली. या टेबलावर बसली. कुणी पोरगा नाही, सिनेमा नाही, काही नाही. आली, बसली, संध्याकाळी उठली. म्हणून मग ही कार्यशाळा. हाव. तुम्हाला आता कळलंच असेल. मला इथं बसायला काही तरी कारण पाहिजे होतं. शनिवारच्या तासाची तयारी मी सोमवारपासून करतो, रोज, या खुर्चीवर बसून. आणि विद्यापीठ समजून राहिलं की सोनकांबळे सरांना संशोधनाची केवढी तळमळ!

ती काय करते? तेच तर. अभ्यास करते असं वाटायचं मला इथून. मान खाली, हात चालू. एकदा पुस्तक ठेवायला म्हणून मी तिच्यामागच्या कपाटाशी गेलो. ती क्लासची सरावाची उत्तरपत्रिका असते ना, गोल रंगवायची — अ ब क ड — ती तिच्यासमोर होती. ती गोल रंगवत होती. अगदी स्वच्छ, रेघेबाहेर जाऊ न देता. एक झाला की पुढचा. मी प्रश्नपत्रिका शोधली टेबलावर. नव्हती. दप्तर बंद. पुस्तक उघडं होतं, पण त्यावर कोपर. प्रश्न नव्हताच ताई. नुसती उत्तरं. पान भरलं, तिनं ते बाजूला ठेवलं आणि दुसरं ओढलं. मला — मला नागम्मा आठवली, आणखी काय!

आणि घरी विचारायला जावं तर हीच तऱ्हा. मी नुसता घसा साफ केला की तिचं सुरू होतं — 'फिजिक्स झालं, केमिस्ट्री चालू आहे, टेस्ट बरी गेली, जेवले, डोकं दुखत नाही.' माझं तोंड उघडायच्या आत. ताटाकडं बघत. बिलकीसबाई मला जिन्यात गाठून म्हणाल्या, 'चाचा, डब्बा तसाच वापस येऊन राहिला. बच्चीला पूछो तो सही.' पूछो तो सही! मी डॉक्टरेट केलीय पूछण्यावर.

अशी नव्हती हो ती. भूकंपाच्या वेळी सहा वर्षांची होती, चार दिवस म्हणून आमच्याकडं औशाला पाठवलेली. आम्ही सगळे कॉलेजच्या मैदानावर झोपायचो तेव्हा, आणि ती मला झोपू द्यायची नाही. जमीन का हलली? कुणी हलवली? मग झाडं का नाही पडली? परत कधी हलणार? मी म्हणायचो, माहीत नाही बाळा. तर काय म्हणाली असेल? 'मग एवढी पुस्तकं कशाला वाचता आजोबा तुम्ही!' अख्खं मैदान हसलं होतं. त्या दिवसांत माणसं हसली होती ताई, तिच्यामुळं.

मी गृहीतकं मांडून बघितली. क्लासमध्ये कुणी काही बोललं का? दर टेस्टनंतर तिथं मार्कांप्रमाणे बाक बदलतात, हुशार पुढं, बाकीचे मागं — ती मागं मागं गेली का? का बापाला डॉक्टर पाहिजे आणि हिला नको? का मी? मी सोबत आलो हेच तिला ओझं झालं का? यातलं एकही मला तपासता येईना, कारण तपासायचं म्हटलं की विचारावं लागतं. धम्मानंद दर रविवारी फोनवर म्हणतो, कशी आहे? मी म्हणतो, अभ्यास करून राहिली. तो वाईट नाही, गैरसमज करून घेऊ नका. त्याला फक्त उत्तर ताबडतोब लागतं. नळाला पाणी का नाही, तर कारण हे. पोरगी क्लासला का जात नाही, तर कारण — काय सांगणार ती? आणि तो येणार आहे हे तिला माहीतच नाही. सकाळी सांगणार होतो. ती केस विंचरत होती, मी दारात उभा राहिलो, आणि काय म्हणालो? 'आज ऊन फार आहे.' एवढंच निघालं तोंडातून. ऊन फार आहे.

म्हणून — ताई, एक काम कराल का? तुम्ही बाईमाणूस. तुम्ही खाली जा आणि तिच्या शेजारी बसा. विचारू काहीच नका. प्रश्नावली इथंच ठेवा, कागद हातात नको. नुसतं म्हणा, आजोबा वर आहेत, तुझे पप्पा येऊन राहिले, आणि आजोबांना सगळं ठाऊक आहे, ते रागावलेले नाहीत. बास. तिला वर यायचं असेल तर वर येऊ दे. नाही आली तरी... मी का नाही जात? मी गेलो की ती सुरू होणार ना. फिजिक्स झालं, केमिस्ट्री चालू आहे. मला ऐकवत नाही ते. रोज इथून उठतो, जिन्यापर्यंत जातो. जिन्यापर्यंत जातो ताई मी, खोटं नाही सांगत.

जाता? खरंच? तुमचे उपकार — थांबा, पर्स राहिली. नाही, तो जिना बंद आहे, कपाटांच्या मागून जावं लागतं, थोडा वळसा आहे, मी दाखवतो —

आली. लाइट आली. बघा कसे सगळे वर पंख्याकडं बघून राहिले, अख्खा हॉल. कागद धरून राहिले उडू नयेत म्हणून. ती बघा. तिनं मानसुद्धा वर केली नाही. तिचे कागद चालले उडून... तो कोण उचलून राहिला? तो दारातून आलेला, पांढरा शर्ट —

थांबा. नका जाऊ आता. तोच आहे. धम्मानंद.

क्लासला जाऊनच आलाय. त्याच्या चालण्यावरून कळतं मला. त्यानं कागद उचलले. बघून राहिला. एक, दुसरा — तो पलटवून बघून राहिला ताई, मागं काही लिहिलंय का म्हणून. ती उठली. उभी राहिली. तो काही बोलला नाही अजून, त्याचे ओठ मिटलेले आहेत, नीट बघा, आणि तिचे — तिचे हलून राहिले. सुरू झाली ती. इथून ऐकू येत नाही, पण मला पाठ आहे. फिजिक्स झालं. केमिस्ट्री चालू आहे. टेस्ट बरी गेली. जेवले. आणि तो ऐकून घेतोय. मान खाली घालून. सगळं माहीत असून ऐकून घेतोय.

मी जाऊ? हाव, जातो. जातो ना. तुम्ही मला ढकलू नका, जातो मी.

ती ट्यूब! ताई, इथली ट्यूब बंद करा, ते दाराजवळचं बटण, आणि तो प्रोजेक्टर — भिंतीवर काय आलंय? 'तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा.' बंद करा हो ते! उजेड झाला आत. खालून दिसतो आता आपण.

राहू द्या. दिसलो मी. तो वर बघून राहिला. आता तीही. दोघं बघून राहिले. ओठ मिटलेले दोघांचेही. काही विचारलेलं नाही त्यांनी, काहीच नाही —

अभ्यास करून राहिली ती. रोज जाते वेळेवर. डबा संपवते. झोप चांगली आहे. काळजीचं काही न्हाई. अभ्यास करून —

काय? मी? मोठ्यानं?

तुमचं प्रमाणपत्र टेबलावर आहे, सही केलेली आहे. घ्या ते, आणि जा तुम्ही ताई. तुमची एसटी जाईल. जा.